केझी आंटीचे चार मैल

केझिया स्केलहॉर्नला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. कागद वाचायला गावात सतराशे साठ लोक आहेत, कालवा वाचायला मी एकटीच, असं ती म्हणायची. आज मंगळवार आहे म्हणून सांगावं, इतक्या साध्या सुरात म्हणायची. त्यामुळे ऐकणाऱ्याला रागही धड येत नसे. मला मात्र यायचा.

मी रूबेन पिचफोर्ड. थॉर्नबॅचच्या टेकडीखाली माझा गोठा, एक्केचाळीस गायी आणि बापाकडून आलेली जमीन. ऑनीफर्डचा कालवा त्या टेकडीच्या कमरेवरून वळणं घेत जातो आणि माझं खालचं कुरण बरोबर त्याच्या बांधाखाली येतं. आमच्या घराण्याचं आणि कालव्याचं कधीच पटलं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो खणला तेव्हा आमच्या शेताचे दोन तुकडे झाले आणि माझ्या खापरपणजोबांनी खणणाऱ्यांच्या अंगावर शेण फेकलं, ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळात सांगितली जायची. मीही माझ्या मुलींना सांगितली होती.

केझी आंटी मूळची बोटीवरची. बोटवाल्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणायची रीत, ती गावानंही उचलली. १९०५ साली खालच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पाण्यात चढवणाऱ्या दरवाजांपाशी, चुनखडीनं भरलेल्या बोटीच्या खोलीत ती जन्मली आणि तिची आई दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकाणूला उभी राहिली. नऊ वर्षांची असल्यापासून केझी बोगद्यात बोट ढकलायची. बोगद्यात बोट ओढणाऱ्या घोड्याला वाट नसते, म्हणून घोडा टेकडीवरून पलीकडे न्यायचा आणि माणसांनी बोटीवर आडव्या टाकलेल्या फळीवर पाठ टेकून, पायांनी भिंत मागे लोटत अर्धा मैल काढायचा. म्हातारपणीही तिच्या पोटऱ्या बघून आमचा लोहार मान खाली घालायचा.

एकोणिसाव्या वर्षी तिनं कालव्याच्या पाटकऱ्याच्या मुलाशी, ईनॉकशी लग्न केलं आणि लॉकजवळच्या विटांच्या घरात आली. पहिला आठवडाभर तिला झोप लागली नाही, कारण घर हलत नव्हतं. सासऱ्यानं तिला पाटकऱ्याचं काम शिकवलं: चार मैलांचा पट्टा, रोज एकदा पुरता चालायचा. एका हातात काठी, दुसऱ्यात फावडं. गवत कुठे जास्त हिरवं आहे, लव्हाळा कुठे नव्यानं उगवलाय, उंदरांनी बांध कुठे पोखरलाय, पाणकोंबडी घरटं सोडून का गेली, हे सगळं बघायचं. ईनॉक सत्तेचाळीसच्या बर्फात न्यूमोनियानं गेला. दफनानंतर चौथ्या दिवशी कालवा कंपनीचा साहेब घराच्या किल्ल्या परत घ्यायला आला. घर बंद होतं. बाई पट्ट्यावर गेल्या होत्या आणि परत आल्या त्या दोन ठिकाणची गळती बुजवून. साहेबानं सांगितलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा. चोवीस वर्षं झाली तरी दुसरा माणूस काही मिळाला नाही.

तोवर बोटीच संपल्या. छप्पन साली चुनखडीची शेवटची बोट गेली आणि कालवा कागदोपत्री बंद झाला. जागोजागी गाळ साठला, आमच्या बाजूला बांध गळू लागला. तरी केझी आंटीची रोजची फेरी चालूच. तिला कोणी विचारलं की आता कशाला चालतेस, तर ती म्हणायची, पाण्याला अजून कुणी सांगितलं नाही बंद झालंय म्हणून.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. त्या गळतीनं माझ्या खालच्या कुरणाचा चिखल झाला. गुडघाभर. गायींचे खूर सडू लागले. म्हणून जेव्हा जिल्ह्याच्या परिषदेनं ठरवलं की कालवा बुजवून त्यावरून रस्ता न्यावा, तेव्हा मला आनंदच झाला. पोस्टाच्या दारावर मागणीचा कागद लावला होता, 'कालवा बुजवा' म्हणून. त्यावर पहिली सही माझी. रस्ता आंटीच्या घरावरूनच जाणार होता हे मला ठाऊक होतं. मी स्वतःला समजावलं की सहासष्ट वर्षांच्या बाईला ऑनीफर्डमध्ये परिषदेचं छान कोरडं घर मिळेल. आपलं मन आपल्याला किती सहज समजावता येतं.

बर्मिंगहॅमच्या काही हौशी लोकांनी मात्र कालवा वाचवायची चळवळ काढली. त्यांचे पुढारी मिस्टर लिनफोर्ड, पेशानं दंतवैद्य. दर शनिवारी तीस-चाळीस माणसं फावडी घेऊन यायची, गाळ उपसायची, लॉकचे दरवाजे दुरुस्त करायची. शेवटी परिषदेनं एक अट घातली: थॉर्नबॅचच्या वरच्या टप्प्यात पाणी भरा. सात दिवसांत ते एक इंचाहून जास्त उतरलं नाही आणि आठव्या दिवशी आमच्या माणसाला घेऊन बोट पार गेली, तर रस्त्याचा विचार सोडू. पाणी उतरलं, तर दुसऱ्या दिवसापासून मातीच्या गाड्या सुरू. तारीख ठरली, जूनच्या मध्याची.

सगळा प्रश्न माझ्या कुरणाच्या वरच्या एकशेवीस गळक्या यार्डांचा होता. लिनफोर्डनी दोन्ही बाजूंना फळ्यांचे बांध घालून तेवढा भाग कोरडा केला, तळाला नवी चिकणमाती आणून पसरली, रोलर फिरवला. दिसायला काम सुरेख, केकवरच्या साखरेसारखं गुळगुळीत. केझी आंटी काठावरून म्हणाली, ओली ठेवा, पाणी सोडा लगेच. पण लिनफोर्डना वर्तमानपत्रवाल्यांना ते काम दाखवायचं होतं आणि ओला चिखल फोटोत चांगला दिसत नाही. शिवाय दाताची भरणी वाळल्याशिवाय घट्ट होत नाही, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. त्यांनी माती मे महिन्याच्या उन्हात नऊ दिवस वाळवली.

दंतवैद्यच हे करू जाणे. कालव्याची माती एकदा वाळली की मेली. केसाएवढ्या भेगा पडतात आणि वरून दिसतही नाहीत. फोटो झाले, चहा झाला, पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कुरणात बदकं पोहत होती.

त्या सोमवारी संध्याकाळी मी दूध काढत असताना आंटी गोठ्यात आली. परिषदेच्या तारखेला बारा दिवस उरले होते, त्यातले सात पाणी मोजायचे. लिनफोर्डची माणसं आपापल्या नोकऱ्यांवर परतली होती आणि लिनफोर्ड स्वतः पुलावर डोकं धरून बसले होते. ती दारातच उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"रूबेन, तुझ्या गायी हव्यात. तीन दिवस."

"कशाला?"

"चालायला."

मी हसलो. ती हसली नाही. तिनं सांगितलं की माती काढून पुन्हा ओली करायची, एक वीत थर टाकायचा, तो खुरांनी तुडवायचा, मग दुसरा थर, मग तिसरा. माणसांच्या बुटांनी हे होईल, पण ऐंशी माणसं लागतील. गायींच्या खुरांनी तीन दिवसांत होईल. यंत्राचा रोलर माती नुसती दाबतो, खूर ती आतून मळतो. मी म्हटलं, पिचफोर्डांच्या गायी या कालव्यात पाय ठेवणार नाहीत. खापरपणजोबांनी यांच्यावर शेण फेकलं होतं.

"फेकलं नाही," ती म्हणाली. "पडलं."

"म्हणजे?"

"कालव्याची माती तुडवायला गायी तुझ्या खापरपणजोबांच्याच होत्या. माझ्या सासऱ्याच्या आज्यानं हाकल्या. चाळीस जनावरं दोन दिवस आत होती, म्हणजे शेण पडणारच. एवढंच झालं होतं, पुढचं तुमच्या घरच्यांनी नाताळात वाढवलं."

माझी बायको ऑलिव्ह बादली खाली ठेवून इतकी हसली की गाय बिथरली. पण मी नाही म्हणजे नाही म्हटलं. माझं कुरण पाण्याखाली होतं, गमतीची वेळ नव्हती. आंटी वाद घालायला थांबलीच नाही. उद्या सकाळी दूध झालं की पुलावर ये आणि पोतंभर कोंडा आण, एवढं सांगून ती गेली.

मी गेलो. का गेलो, मला आजही सांगता येत नाही. काही माणसं हुकूम देत नाहीत आणि तरी आपण निघतो.

पूल आमचा जुनाच, विटांचा, पाठीला कुबड असलेला. कोपऱ्याच्या दगडांवर बोटींच्या दोरांनी शंभर वर्षं घासून पाडलेल्या बोटबोटभर खाचा. दोन्ही काठांवर हॉथॉर्न पांढरा फुलला होता आणि बगळा नेहमीच्या जागी उभा होता. आंटीनं मूठमूठ कोंडा पाण्यावर फेकला. थोडा वेळ तो नुसता तरंगला. मग हळूहळू एका बाजूला सरकू लागला, सगळा एकाच दिशेनं, आणि बांधाजवळ एका ठिकाणी गोल फिरायला लागला.

"इथून तुझ्याकडे जातंय," ती म्हणाली. "हे तुला दिसतं. आता वळ आणि टेकडीकडे बघ."

मी वळलो. टेकडीच्या बाजूनं तीन झरे येऊन कालव्यात पडत होते. लहानपणापासून बघत आलेले तीन झरे. एकातून तर आम्ही पोरं पाणी प्यायचो.

"बुजव कालवा," आंटी म्हणाली. "मग हे तीन कुठे जातील?"

मी खाली कुरणाकडे बघितलं, वर झऱ्यांकडे बघितलं. पावणेदोनशे वर्षं तो कालवा टेकडीचं सगळं पाणी अडवून बाजूला नेत होता आणि म्हणून त्याच्याखाली आमचं कुरण होतं. गळत होता तो त्याचा आजार. मी निघालो होतो आजाऱ्यालाच पुरायला. मला स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायची लाज वाटली. मी फक्त विचारलं, सकाळचं दूध किती वाजता आटपू.

पुढचे तीन दिवस थॉर्नबॅचमध्ये दुसरा विषय नव्हता. शाळा तासभर आधी सुटली, बाया विणकाम घेऊन पुलावर येऊन बसल्या. दोन टोकांच्या फळ्यांमधला भाग पुन्हा रिकामा केला, मेलेली माती उकरून भिजवली आणि पहिला थर पसरला. कालव्यात उतरायला आम्ही लाकडी घसरण केली. माझी म्होरकी गाय डचेस घसरणीच्या तोंडाशी थांबली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिची माफी मागावीशी वाटली. आंटी तोवर आत उतरली होती, अनवाणी, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून. ती डचेसशी काय बोलली देव जाणे. गाय उतरली. मागून चाळीस.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळवून पुन्हा मागे. फचाक फचाक असा आवाज दिवसभर चालू. ती एकटी मधे उभी, काठीनं दाखवत, डावीकडे न्या, तिथे कोरडं राहिलंय, पाणी मारा. लिनफोर्ड झारी घेऊन धावायचे. गडी वाईट नव्हता. चूक झाली ती त्यानं चारचौघांत कबूल केली, आणि शिकलेल्या माणसाला ते जड जातं. फक्त एकदा ते शेणाकडे बघून काळजीनं म्हणाले, "मिसेस स्केलहॉर्न, याचा मातीवर काही परिणाम?"

"मागच्या वेळी झाला नव्हता," ती म्हणाली.

प्रत्येक थराची परीक्षा एकच. ती मूठभर माती उचलायची, तळहातावर वळून वीतभर लांब वळी करायची आणि एका टोकाला धरून हवेत लोंबती सोडायची. तुटली तर गायी पुन्हा फिरवायच्या. पहिल्या दिवशी पाच वेळा तुटली. माझ्या गायी दमल्या, संध्याकाळचं दूध निम्म्यावर आलं, ऑलिव्हला एक्केचाळीस जनावरांच्या कासा धुता धुता नाकी नऊ आले. मी आंटीला म्हटलं, झालं असेल आता, चालेल एवढं. तिनं वळी माझ्या हातात दिली. तू धर म्हणाली. ती माझ्याही हातात तुटली. गायी पुन्हा फिरल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या थराची वळी तुटली नाही. आंटीनं ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि शेवटची गाय घसरणीवरून वर येते न येते तोच फळ्या काढायला लावल्या. या वेळी फोटो नाही, चहा नाही. पाणी चिखलावरून तपकिरी धावत आलं. पुलाखालच्या पाणी मोजायच्या पट्टीवर लिनफोर्डनी रेघ मारली.

मग सात दिवस. मी दूध काढून रोज पट्टी बघायला जायचो, संध्याकाळी पुन्हा. आंटी मात्र पट्टीकडे ढुंकून बघत नव्हती. ती आपली रोजच्यासारखी चालत पुलाखालून जायची. मी विचारलं, तुला धाकधूक नाही? ती म्हणाली, वळी तुटली नाही ना, मग पट्टी काय वेगळं सांगणार?

सातव्या संध्याकाळी पाणी अर्धा इंच उतरलं होतं. त्यातलं बरंचसं उन्हानं आणि डचेसनं प्यायलेलं.

आठव्या दिवशी परिषदेचे मिस्टर थ्रॉप आले. उंच, कोरडा, पण सरळ माणूस. लिनफोर्डची रंगवलेली बोट त्यांना घेऊन बोगद्याकडून आली, कुबड्या पुलाखालून गेली, माझ्या कुरणावरून गेली आणि वळणावरून परत आली. काठावर अख्खं गाव. आंटीला बोटीत बसायचा आग्रह झाला, पण ती म्हणाली की माझी फेरी अर्धी राहिलीय, मी इथे पुलाच्या कठड्यावर जरा टेकते. थ्रॉपसाहेब उतरले, पट्टी स्वतः वाकून बघितली आणि म्हणाले की अट पुरी झाली. लोक टाळ्या वाजवू लागले, तर त्यांनी हात वर केला.

"एक गोष्ट राहते," ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून कागद काढला. मी तो लांबूनच ओळखला. "बुजवण्याच्या बाजूनं त्रेचाळीस सह्या आहेत. बाकीच्यांचा प्रश्न नाही. पण पहिली सही बांधाला लागून जमीन असलेल्या मालकाची आहे. त्यांची हरकत कायम असेल, तर हे प्रकरण मला इथे मिटवता येणार नाही. मिस्टर पिचफोर्ड आहेत का?"

तीन दिवस मी तिच्याबरोबर त्या चिखलात उभा होतो आणि हा कागद मी तिच्यापासून लपवला होता. लपवला कसला, तिला वाचता येत नाही या भरवशावर पोस्टाच्या दारावर उघडा ठेवला होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लिनफोर्डचा चेहरा उतरला.

"त्याची पहिली आहे," केझी आंटी कठड्यावरून म्हणाली. "तर खोडायलाही त्यालाच पहिला नंबर द्या."

मी तिच्याजवळ गेलो. "तुला कधीपासून ठाऊक?"

"लावला त्या दिवसापासून."

"पण तुला वाचता..."

"वाचायचं कशाला त्यात? चर्चमध्ये माझ्या लग्नाच्या कागदावर तुझा बाप साक्षीदार होता. मी फुली मारली, त्यानं सही केली. मला फार आवडली म्हणून बघत राहिले. त्या पहिल्या अक्षराची शेपटी अशी कोंबडीच्या नखासारखी खाली वळते. तूही तशीच काढतोस."

बापानंच मला ती सही शिकवली होती, स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझा हात धरून. माझे डोळे भरून आले आणि ते मी पुसलेही नाहीत.

"मग तू बोलली का नाहीस?"

"गायी हव्या होत्या."

थ्रॉपसाहेबांनी पेन पुढे केलं. मी कागद पुलाच्या दगडावर ठेवला, दोराच्या खाचेच्या बाजूला जिथे सपाट आहे तिथे, आणि माझं नाव खोडलं. एकदा नाही, तीनदा. नखांत आठवड्याची माती होती, तिचा डाग कागदावर पडला. साहेबांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

मग गावानं काय आरडाओरडा केला, लिनफोर्ड कोणाकोणाच्या गळ्यात पडले, ऑलिव्हनं डुकराचं मांस आणि सफरचंद भरून भाजलेल्या किती पाई आणल्या होत्या, ते सगळं झालं. त्या गडबडीत मी आंटीला शोधत होतो. ती कठड्यावर नव्हती. काठी आणि फावडं घेऊन ती घोड्यांच्या वाटेनं बरीच पुढे गेली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं आणि तिच्या हातातलं फावडं घेतलं. तिनं ते दिलं, पण काठी दिली नाही. त्या दिवसाचे दोन मैल अजून चालायचे होते.